एका वॅटची वाटणी

हॅमसॅट या भारतीय उपग्रहाची माहिती हौशी रेडिओच्या कुठल्याही यादीत एका ओळीत मावत असे: वर जाताना ४३५.२२० ते ४३५.२८० मेगाहर्ट्झ, खाली येताना १४५.९३० ते १४५.८७० मेगाहर्ट्झ, वर लोअर साइडबँड, खाली अप्पर साइडबँड. नवखा माणूस अशी ओळ वहीत उतरवून घेतो, यंत्रावर आकडे लावतो आणि बोलायला सुरुवात करतो. काही वेळा संपर्क होतो, बहुतेक वेळा होत नाही. मग तो यंत्राची ताकद वाढवतो. इथे त्याचं चुकतं. ताकद वाढवण्याआधी त्याने ती ओळ नीट वाचायला हवी होती, कारण तिच्यातला एकही आकडा योगायोगाने आलेला नाही. उपग्रहावर वीज फार थोडी असते आणि ती ऐकणाऱ्या-बोलणाऱ्या सगळ्यांत वाटली जाते. वर कोणता पट्टा, खाली कोणता, यामागे मुख्यतः ही अडचण आहे; आकडे उलटे का धावतात, साइडबँड का बदलतो, यामागे उपग्रहाचा वेग आहे. हे समजलं की फ्रिक्वेन्सीचा तक्ता पाठ करावा लागत नाही. आणि उपग्रहावर कमी ताकदीने बोला हा नियम शिष्टाचारापुरता नाही, त्यामागे भौतिकशास्त्राचा हिशेब आहे, हेही पटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. सरकारी परीक्षा देऊन, परवाना आणि स्वतःचं कॉलसाइन घेऊन, कोणताही आर्थिक लाभ न घेता रेडिओ संपर्काचे प्रयोग करणाऱ्यांना जगभर हॅम म्हणतात. भारतात त्यांची कॉलसाइन ‘व्हीयू’ने सुरू होतात. पहिला स्पुटनिक उडाल्याला जेमतेम चार वर्षं झाली होती तेव्हा, १२ डिसेंबर १९६१ रोजी, अमेरिकेतल्या हॅमनी स्वतः बनवलेला ऑस्कर-१ अमेरिकी हवाई दलाच्या रॉकेटवरून अवकाशात गेला. त्याला मोर्समध्ये ‘हाय’ एवढंच म्हणता येत होतं आणि बॅटरी संपेपर्यंत, जवळपास तीन आठवडे, तो ते म्हणत राहिला. १९६५च्या ऑस्कर-३वर मात्र खरा ट्रान्सपॉन्डर होता. ट्रान्सपॉन्डर म्हणजे एका पट्ट्यातला सगळा रेडिओ गोंगाट जसाच्या तसा उचलून, मोठा करून, दुसऱ्या पट्ट्यात खाली सोडणारं यंत्र. त्यात आवाज असेल, मोर्स असेल, दहा माणसं एकदम बोलत असतील. लिनियर ट्रान्सपॉन्डरला त्यातलं काही वेगळं ओळखता येत नाही, ओळखायची गरजही नाही. पट्ट्यात जे येईल ते तो खाली पाठवतो.

हॅमसॅट असाच होता. ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ने कार्टोसॅट-१बरोबर त्याला श्रीहरिकोटाहून नेलं. वजन साडेबेचाळीस किलो, कक्षा सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास, ध्रुवांवरून जाणारी. त्यावर दोन ट्रान्सपॉन्डर होते: एक भारतीय, दुसरा विल्यम लायनार या डच विद्यार्थी हॅमने बनवलेला. एका वेळी त्यातला एकच चालू असे आणि त्याची ताकद होती साधारण एक वॅट. साठ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तीन-तीन किलोहर्ट्झ जागा घेणारे वीसेक संवाद कागदावर सहज बसतात. जागा आहे, म्हणून पट्टा रिकामा आहे असं वाटतं. पण वॅट एकच आहे. दहा स्टेशनं सारख्या जोराने बोलत असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला शंभर मिलिवॅट येतात. त्यातल्या एकाने वॅटचा नऊ-दशांश भाग खेचला, तर उरलेल्या नऊ जणांच्या हाती जेमतेम अकरा-अकरा मिलिवॅट राहतात. यंत्र जळू नये म्हणून ट्रान्सपॉन्डर आपली संवेदनशीलता आपोआप कमी करतो. एखादा सिग्नल फार जोरदार आला की तो सगळ्या पट्ट्याचाच आवाज खाली ओढतो, फक्त त्या एकाचा नव्हे. धुळे-नाशिककडच्या जुन्या फड पद्धतीत पाटाच्या तोंडाशी असलेल्याने बांध जास्त फोडला की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. इथेही नेमकं तेच होतं, फरक इतकाच की पाट कोरडा पडला हे शेजाऱ्याला डोळ्यांनी दिसतं आणि रेडिओवर ते कुणालाच दिसत नाही. केरळातल्या एखाद्या मंद स्टेशनचा आवाज आपल्यामुळे बुडाला, हे पुण्यातल्या जोरदार स्टेशनला कळायला मार्गच नसतो.

आता आकड्यांकडे वळू. वर ४३५ आणि खाली १४५ असं का, उलटं का नाही? साध्या, सगळ्या दिशांना सारखं पाहणाऱ्या अँटेनांमध्ये तेवढंच अंतर कापताना ४३५ मेगाहर्ट्झच्या सिग्नलची हानी १४५च्या तुलनेत सुमारे नऊपट जास्त होते. फ्रिक्वेन्सी तिप्पट, म्हणून हानी तिपटीचा वर्ग. ही जादा हानी कुणीतरी सोसायला हवी. जमिनीवरच्या माणसाकडे घरची वीज आहे आणि ४३५ मेगाहर्ट्झसाठी दहाबारा आडव्या दांड्यांची यागी अँटेना सहज उभारता येते. उपग्रहाकडे पृष्ठभागावर चिकटवलेल्या सौरपट्ट्या आहेत आणि तो मोठी अँटेना फिरवू शकत नाही. म्हणून महाग वाट माणसाला दिली आणि स्वस्त वाट उपग्रहाला. १९७४च्या ऑस्कर-७ने तर एका ट्रान्सपॉन्डरवर आणखी पुढे जाऊन वर १४५ आणि खाली २९ मेगाहर्ट्झ ठेवले होते. या दोन आकड्यांची जोडी पाहिली की गरीब बाजू कोणती आणि सधन बाजू कोणती, हे तक्त्यातच लिहिलेलं दिसतं. काही उपग्रहांवर ही जोडी उलटी असते आणि त्याला अँटेनांच्या, गोंगाटाच्या वेगळ्या कारणांची जोड असते, हे खरं. पण हॅमसॅटच्या रचनाकारांनी घेतलेला निर्णय विजेच्या टंचाईतून सरळ निघतो.

दुसरी गोष्ट आकड्यांच्या उलट्या धावण्याची. हॅमसॅटवर वरची आणि खालची फ्रिक्वेन्सी यांची बेरीज नेहमी ५८१.१५० यायची. ४३५.२२०वर बोललं तर १४५.९३०वर ऐकू येणार, ४३५.२८०वर बोललं तर १४५.८७०वर. पट्टा आरशात पाहावा तसा उलटतो आणि त्याच्याबरोबर आवाजाची बाजू, म्हणजे साइडबँड, हीही उलटते, म्हणून लोअर साइडबँडमध्ये पाठवलेला आवाज खाली अप्पर साइडबँडमध्ये मिळतो. ही मुद्दाम केलेली उलटापालट आहे. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरने धावतो. जवळ येताना त्याला आपला ४३५चा सिग्नल सुमारे दहा किलोहर्ट्झ वर सरकलेला ऐकू येतो, लांब जाताना तेवढाच खाली; डॉप्लर परिणाम तो हाच. परतीच्या १४५वर हीच सरक तीन-सव्वातीन किलोहर्ट्झची. पट्टा सरळ असता तर दोन्ही सरकी एकमेकींत मिळून तेरा किलोहर्ट्झ झाल्या असत्या. उलटवल्यामुळे एक दुसरीतून वजा होते आणि साडेसहाच्या आसपास उरते. एक उदाहरण घेऊ. ४३५.२५०वर बोललं तर परतीचा आवाज १४५.९००वर यायला हवा. उपग्रह समोरून येत असताना त्याला तो ४३५.२६०वर मिळतो, म्हणून तो १४५.८९० करून पाठवतो, आणि आपल्यापर्यंत येईतो तो १४५.८९३च्या आसपास चढलेला असतो. साठ किलोहर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात हे महत्त्वाचं आहे. प्रत्येक स्टेशनची सरक त्याच्या जागेप्रमाणे वेगळी असते, त्यामुळे सरक जितकी मोठी तितके शेजारचे संवाद एकमेकांच्या अंगावर येतात. उलटा पट्टा ही धक्काबुक्की कमी करतो.

आता एक फेरी जवळून पाहू. उपग्रह पुण्याच्या क्षितिजावर उगवतो तेव्हा तो सरळ रेषेत सुमारे २९०० किलोमीटरवर असतो, डोक्यावर येतो तेव्हा ६३०च्या आसपास. म्हणजे क्षितिजावरचा सिग्नल डोक्यावरच्यापेक्षा वीसपट क्षीण. पूर्ण वरून जाणारी चांगली फेरी बारा-तेरा मिनिटांची असते. पहिली दोन मिनिटं काहीच धड ऐकू येत नाही, घड्याळ पळत असतं, आणि याच वेळी हात ताकदीच्या बटणाकडे जातो. वर आणि खाली दोन वेगळे पट्टे असण्याचा खरा उपयोग इथे होतो: बोलता बोलता आपलाच आवाज उपग्रहावरून परत ऐकता येतो. कानाला हेडफोन लावायचा, वरची फ्रिक्वेन्सी ठरवायची, कमी ताकदीने मोर्सचे दोन-चार ठोके सोडायचे आणि खालच्या पट्ट्यात आपण कुठे उगवतो ते चाक फिरवून शोधायचं. सापडलो, की पट्ट्याच्या कडेला सतत वाजणाऱ्या बीकनशी आपल्या आवाजाची तुलना करायची. बीकनपेक्षा आपण मोठे ऐकू येत असू तर ताकद कमी करायची, बस. आणि आपण स्वतःला ऐकूच शकत नसू, तर चूक बहुतेक वेळा ऐकण्याच्या बाजूला असते: अँटेनाची दिशा, लांबलचक हलकी केबल, जवळच्या एलईडी दिव्याचा आवाज. तिथे दुरुस्ती करायची सोडून बोलण्याची ताकद वाढवणं म्हणजे स्वतःचा बहिरेपणा दुसऱ्याच्या खर्चाने झाकणं.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं कागदावरचं गणित आहे. ऑस्कर-७ हा त्याचा चालता पुरावा आहे. १५ नोव्हेंबर १९७४ला गेलेला हा उपग्रह १९८१मध्ये बॅटरी बिघडल्याने मूक झाला. २१ जून २००२ रोजी इंग्लंडमधल्या पॅट गोवेन यांना तो पुन्हा ऐकू आला. आत शॉर्ट झालेल्या बॅटरीचा मार्ग कधीतरी तुटला असावा आणि सौरपट्ट्यांची वीज पुन्हा थेट यंत्रांना मिळू लागली असावी, असं मानलं जातं. तेव्हापासून तो उन्हात असला की जागा होतो आणि पृथ्वीच्या सावलीत गेला की बंद पडतो. मध्ये साठवण म्हणून काही नाही. त्यामुळे एखादं स्टेशन जोरात बोललं की उपग्रहावरचा विजेचा दाब त्याच क्षणी खाली येतो आणि पट्ट्यातल्या सगळ्यांचे आवाज थरथरत फ्रिक्वेन्सीवरून घसरू लागतात. बॅटरी असलेल्या उपग्रहात हीच हानी सौम्यपणे आणि लपून होते, ऑस्कर-७वर ती कानावर पडते. वाटणीचा नियम ज्याला अजूनही औपचारिक वाटतो, त्याने त्याची एखादी फेरी फक्त ऐकावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इतकी गुंतागुंत हवीच कशाला? एफएमचे सोपे उपग्रह आहेत, हातातल्या वॉकीटॉकीसारख्या यंत्राने आणि साध्या यागीने त्यांच्यावर बोलता येतं. सौदी अरेबियात बनलेला, २० डिसेंबर २००२ला गेलेला एसओ-५० पाहा: वर १४५.८५०, खाली ४३६.७९५, पाव वॅट ताकद. बोलताना आवाजाखाली ६७ हर्ट्झचा बारीक स्वर पाठवावा लागतो आणि उपग्रह निजलेला असेल तर आधी ७४.४ हर्ट्झचा स्वर पाठवून त्याचं दहा मिनिटांचं घड्याळ चालू करावं लागतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही असाच रिपीटर आहे, वर १४५.९९० आणि खाली ४३७.८००. नव्या माणसाला आत आणण्यासाठी याहून चांगला दरवाजा नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. पण एफएमच्या वाटणीचं स्वरूप पाहिलं पाहिजे. तिथे एका वेळी एकच माणूस बोलू शकतो, आणि दोघे एकदम बोलले तर जोरदार सिग्नल दुसऱ्याला साफ पुसून टाकतो. शिवाय एफएममध्ये बोलणारा श्वास घ्यायला थांबला तरी उपग्रहाची वाहक लहर पूर्ण ताकदीने चालूच राहते. सिंगल साइडबँडमध्ये, म्हणजे लोअर किंवा अप्पर अशी एकच बाजू वापरताना, वाहक लहरच नसते, शब्द उमटेल तेवढीच वीज खर्च होते. तेवढ्याच विजेत लिनियर ट्रान्सपॉन्डर अनेकांना सामावून घेतो. म्हणजे सोपेपणाची किंमत आहे आणि ती गर्दीच्या फेरीत, आखातापासून श्रीलंकेपर्यंतची स्टेशनं एका फ्रिक्वेन्सीवर झुंबड करतात तेव्हा, मोजावी लागते. लिनियर पट्ट्यावर त्याच गर्दीला जागा मिळते, फक्त प्रत्येकाने आपला वाटा ओळखला पाहिजे.

मग माणसांच्या भल्या सवयींवर अवलंबून न राहता यंत्रालाच पहारा का देऊ नये? असा पहारा आहे. कतारचा एस्हाइल-२ हा दूरचित्रवाणीचा उपग्रह १५ नोव्हेंबर २०१८ला गेला आणि त्यावरचे हौशी ट्रान्सपॉन्डर फेब्रुवारी २०१९मध्ये खुले झाले. हॅम त्याला क्यूओ-१०० म्हणतात. तो सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, २६ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास, जागच्या जागी उभा दिसतो. ब्राझीलपासून थायलंडपर्यंतचा प्रदेश त्याला दिसतो आणि पुण्यामुंबईतून तो पश्चिमेला, क्षितिजापासून साधारण तीस अंशांवर येतो. वर २४०० मेगाहर्ट्झ, खाली १०४८९. दोन्ही आकड्यांमधला फरक नेहमी ८०८९.५. स्थिर उपग्रहाला डॉप्लरची चिंता नसते, म्हणून इथे पट्टा उलटवलेला नाही, वजाबाकी सरळ आहे. फार जोरात बोलणाऱ्याच्या सिग्नलवर इथे ‘लायला’ नावाची यंत्रणा सायरनसारखा आवाज चढवते. ती उपयोगी आहे यात शंका नाही. तरी ती फक्त इशारा देते, बटण कमी करावं लागतं ते जमिनीवरच्या माणसालाच. आणि अनेक टनांच्या, चोवीस तास एकाच जागी दिसणाऱ्या व्यापारी उपग्रहाला जी सोय परवडते, ती चाळीस किलोच्या किंवा एक किलोच्या धावत्या उपग्रहाकडून मागणं अवास्तव आहे. जाता जाता: क्यूओ-१००चा पट्टा इंग्लंडमधल्या गूनहिली केंद्रातल्या रिसीव्हरमुळे इंटरनेटवर कुणालाही ऐकता येतो. बीकनची पातळी आणि तिच्याखाली राहणारे आवाज म्हणजे काय, हे तिथे धबधब्यासारख्या चित्रात डोळ्यांनी दिसतं. शाळेत दाखवण्यासारखी ही गोष्ट आहे.

हे सगळं मोबाइलच्या काळात कशासाठी, असं विचारणाऱ्याला संकटकाळाचं उत्तर देण्याची हॅममध्ये पद्धत आहे. उपग्रहांपुरतं तरी ते उत्तर मी देणार नाही. दिवसातून चार-सहा वेळा बारा मिनिटं उगवणाऱ्या उपग्रहावर पुराच्या वेळी कुणी विसंबू नये. त्या कामाला कमी फ्रिक्वेन्सीचे लांब पल्ल्याचे पट्टे अधिक भरवशाचे आहेत आणि डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर अंदमानातून हॅमनी संपर्क राखला तो त्याच मार्गाने. उपग्रहांचं मोल शिकण्यात आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या, म्हणजे सीओईपीतल्या, विद्यार्थ्यांचा किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ला पीएसएलव्ही-सी३४वरून गेला. चुंबकांच्या मदतीने, वीज न खर्चता आपली दिशा सांभाळायची आणि हौशी पट्ट्यात संदेशांची देवाणघेवाण करायची, असा त्याचा बेत होता. दिशा राखायलाही वीज वापरायची नाही, हा निर्णय कुठून आला हे आता वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ गेला, तो आयनांबरातल्या इलेक्ट्रॉनांची मोजणी रेडिओ लहरींच्या आधारे करण्यासाठी. कक्षेतली वीज कशी मोजून वापरायची, हे या मुलांना पुस्तकातून शिकता आलं नसतं.

शेवटचा आक्षेप पट्ट्यांच्याच अस्तित्वावर आहे: इतक्या थोड्या लोकांसाठी इतक्या मोलाच्या फ्रिक्वेन्सी अडवून का ठेवायच्या? हा प्रश्न टेबलावर येऊन गेला आहे. २०१९मध्ये फ्रान्सने १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा विमानसेवेसाठी अभ्यासाला घ्यावा असा प्रस्ताव युरोपीय देशांपुढे ठेवला. जगभरच्या हॅमनी हरकती घेतल्या आणि तो त्याच वर्षी मागे पडला. उपग्रहांना मिळालेला ४३५ ते ४३८चा पट्टा तर दुय्यम हक्काचा आहे; इतर सेवांना अडथळा झाला तर हॅमनीच गप्प बसायचं असतं. नव्या उपग्रहांनी एकमेकांच्या फ्रिक्वेन्सीवर येऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघ आधीच समन्वय करतो, आणि तीन मेगाहर्ट्झमध्ये जगभरच्या विद्यापीठांचे उपग्रह बसवताना त्याचीही ओढाताण होते. पट्टा राखायचा तर तो वापरात असल्याचं दाखवावं लागतं, आणि तो सगळ्यांना वापरता यावा असा ठेवावा लागतो. हॅमसॅट हे त्याचं उदाहरण: ११ जुलै २०१४च्या सुमाराला त्याची लिथियम-आयन बॅटरी निकामी झाल्याचं आणि त्याचं काम थांबल्याचं जाहीर झालं; तोवर नऊ वर्षं त्या एका वॅटवर अनेक देशांतली माणसं बोलली. १२४० ते १३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मात्र गोष्टी वेगळ्या वळणाने गेल्या. तिथे दिशादर्शक उपग्रहांचे सिग्नल हॅमच्या शेजारी आहेत, म्हणून २०२३च्या दुबईतल्या जागतिक रेडिओ परिषदेपर्यंत चर्चा चालली आणि हॅमनी किती ताकद कुठे वापरावी याच्या मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीत आकड्यांनी लिहिल्या गेल्या. १४५ आणि ४३५च्या ट्रान्सपॉन्डरवर, परवान्यातल्या कमाल मर्यादेच्या आत, ती मर्यादा आजही बीकनकडे कान देऊन ज्याची त्याने ठरवायची आहे.